मदत हवी आहे: ‘ड्रेपॅनोक्लॅडस’ अशी चिठ्ठी असलेल्या दलदलीतील मॉसचे आजचे वर्गीकरण

नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या वनस्पतिसंग्रहात उत्तर नॉर्वेच्या दलदलींतून आलेल्या मॉसची काही जुनी पाकिटे आहेत. त्यांवर ड्रेपॅनोक्लॅडस रिव्हॉल्व्हेन्स, ड्रेपॅनोक्लॅडस एक्झॅन्युलेटस आणि ड्रेपॅनोक्लॅडस अन्सिनेटस अशी नावे असून ती आजच्या वर्गीकरणानुसार बदलून लावायची आहेत.

माझ्या वाचनानुसार पहिली जाती आता स्कॉर्पिडियम या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, genus), दुसरी सार्मेंटिप्नममध्ये (काही जण तिला वॉर्नस्टॉर्फियातच ठेवतात) आणि तिसरी सॅनिओनियामध्ये गेली आहे. कोयत्यासारखी वाकलेली पाने एवढ्याच साम्यावर पूर्वी हे सगळे एका प्रजातीत घातले गेले. परंतु पानांचे असे वाकणे वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलेले आहे, शिवाय पाण्याखाली वाढलेल्या रोपांत तीच पाने पुष्कळदा सरळ राहतात. म्हणून या लक्षणावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. लाल छटेचेही तेच, कारण ती पहिल्या दोन्ही जातींत येते. अन्सिनेटसची अडचण नाही. पानांवरच्या उभ्या चुण्यांवरून ती लगेच ओळखू येते.

खरा प्रश्न उरलेल्या दोन जातींचा आहे. एक्झॅन्युलेटसमध्ये पानाच्या तळकोपऱ्यातील फुगीर पेशींचा पट्टा जवळजवळ मध्यशिरेपर्यंत पोहोचतो, तर रिव्हॉल्व्हेन्समध्ये तशा पेशी मोजक्याच असतात आणि खोडाच्या आडव्या छेदात बाहेरच्या बाजूस मोठ्या, पातळ भित्तीच्या पेशींचा थर दिसतो. सुकलेल्या नमुन्यातील पान खोडापासून सोलताना नेमका तळकोपराच फाटतो. अशा वेळी आधी खोडाचा छेद घ्यावा की पान नीट निघेपर्यंत नमुना अधिक काळ भिजवावा?

दुसरे असे की, रिव्हॉल्व्हेन्समध्ये नर व मादी अवयव एकाच रोपावर असतात आणि तिच्या जवळच्या कॉसोनाय या जातीत ते वेगवेगळ्या रोपांवर असतात. आमच्या नमुन्यांत हे अवयव मुळीच नाहीत. तेव्हा केवळ पानाच्या मधल्या पेशींच्या लांबीवरून जाती ठरवणे कितपत योग्य, की चिठ्ठीवर फक्त ‘स्कॉर्पिडियम’ लिहून थांबावे?

आमच्याकडे तुलनेसाठी काही नाही. पन्हाळ्याच्या तटबंदीवर पावसाळ्यात हायोफिला, फिसिडेन्स ही मॉस मुबलक मिळतात, पण या कामी त्यांचा उपयोग शून्य. कुळाच्या रकान्यात जुने अँब्लिस्टेजिएसी ठेवावे, की स्कॉर्पिडिएसी आणि कॅलिएर्गोनेसी अशी वेगळी कुळे लिहावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.