मार्चमधल्या पहिल्या राईड्स : पाय बधिर होतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिकागोत राहते. थंड प्रदेशात सायकल चालवणाऱ्यांकडून सल्ला हवाय. डिसेंबरपासून भिंतीला टांगलेली सायकल गेल्या रविवारी काढली, हवा भरली, ब्रेक बघितले आणि शहराच्या उत्तरेकडच्या एजवॉटरहून लेक मिशिगनच्या काठाने जाणाऱ्या लेकफ्रंट ट्रेलला लागले. घराशी 13 अंश सेल्सिअस, लख्ख ऊन. अंगात पातळ जॅकेट, पायात उन्हाळ्यातले जाळीचे बूट.

जाताना वारा पाठीवर होता. चार महिन्यांनी सायकलवर बसले होते, इतकं छान वाटत होतं की नेव्ही पिअरवरून परतायचं ठरवलेलं असताना थेट त्याच्याही दक्षिणेचं म्युझियम कॅम्पस गाठलं. एका बाजूचे साधारण 15 किलोमीटर. मागे फिरले आणि ईशान्येचा वारा तोंडावर आला. मार्चमध्ये लेक मिशिगनचं पाणी गोठणबिंदूच्या थोडंच वर असतं, त्यावरून येणारा वारा घराशी पाहिलेल्या 13 अंशांना जुमानत नाही. ओक स्ट्रीट बीचच्या वळणावर लाटांचं पाणी काँक्रीटवर येत होतं, तिथे उतरून चालले. लिंकन पार्कपर्यंत पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. घरी कुलपात किल्ली फिरवता येईना, शेजारच्या मुलाने दार उघडून दिलं. बोटांत रक्त परत येताना अशा कळा आल्या की डोळ्यांतून पाणी आलं. डावा गुडघाही दोन दिवस पुढून दुखत होता.

लहानपणी सांगलीत रोज सायकलनेच शाळेत जायचे, पण हे दुखणं तिथे कधी माहीतच नव्हतं. मे महिन्यात ग्लेन्कोच्या बोटॅनिक गार्डनपर्यंत जाऊन यायचं फार मनात आहे. तोवर पायात काय घालू? सुरुवातीला किती अंतर ठेवू? आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ अजून आहे, चेनचं काय करू?

प्रतिसाद :
ताई, मी मिनिआपोलिसला असतो. निघताना तापमानाआधी वाऱ्याची दिशा बघा आणि जाताना वारा अंगावर घ्या, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणून सोडतो. मोजे दोन घालू नका, बूट आवळला की रक्त पोचत नाही. लोकरीचा एकच मोजा आणि बुटावर वारा अडवणारं कव्हर. ते येईपर्यंत मोज्यावरून ब्रेडची प्लॅस्टिकची पिशवी चढवून बूट घाला, खरंच उपयोग होतो. गुडघा बहुतेक उलट्या वाऱ्यात जड गिअर रेटल्यामुळे दुखला असेल. हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवा, सीट खाली सरकलीय का तेही बघा. 15 अंशांच्या आत गुडघे उघडे ठेवू नका. पहिले दोन-तीन आठवडे पाऊण तास पुरे. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

चेन ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर वाळू चिकटते.

धागाकर्ती :
मनापासून आभार! सीट खरंच दोन बोटं खाली गेली होती. आज पिशवी घालून आधी उत्तरेकडे, वारा तोंडावर घेत गेले. 40 मिनिटांत घरी, बोटं जागेवर. चेन पुसली तर फडकं तांबूस झालं, तीन कड्या हाताने वाकवल्या तरी वळत नाहीत. तेलाने सुटतील की चेनच बदलू?