प्रति: सुनावणीतली हजेरी मोजून काय होणार?

खाणीसारख्या प्रकल्पाचा गावावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन करताना "जनसुनावणीला बायका किती आल्या ते नोंदवलं की लिंगभावाचा मुद्दा झाला" हे म्हणणं पटत नाही. घोळ त्याच्या बराच आधी, प्रकल्पाआधीच्या घरोघरच्या मूळ पाहणीतच होतो. घरटी एकच फॉर्म, उत्तरं देणार कुटुंबप्रमुख. पाणी-सरपण कोण आणतं, किती लांबून, हे कागदावर येतच नाही. मग झरा बुजला तरी अहवालात 'परिणाम नगण्य'! घरटी गोळा केलेले आकडे नंतर स्त्री-पुरुष असे वेगळे काढताही येत नाहीत. वय, लिंग, अपंगत्व हे रकाने पहिल्याच फॉर्ममध्ये, तेही माणशी हवेत.

कॅनडाच्या २०१९ च्या इम्पॅक्ट असेसमेंट (परिणाम-मूल्यांकन) कायद्यात, कलम २२ मध्ये, लिंग आणि ओळखीचे इतर पैलू मिळून काय परिणाम होतो हे पाहणं बंधनकारक आहे. त्यामुळे खाणकामगारांच्या छावण्या, वाढती घरभाडी, आदिवासी स्त्रियांची सुरक्षितता हेही मूल्यांकनात येतं. माणशी आकड्यांत फक्त एक मेख आहे. छोट्या वस्तीत फार बारीक विभागणी छापली, तर 'अपंग, एकटी, साठीपुढची' म्हणजे कोण हे सगळे ओळखतात. तिथे आकडा गाळून मुलाखतीतला आशय तेवढा द्यावा.