मुलाबाळांना घेऊन शेतावर गेलात? काय घडलं ते लिहा

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिराती सुरू होतात : अनलिमिटेड हुरडा, बैलगाडी, रेन डान्स. हुरड्याचा आणि रेन डान्सचा संबंध मला अजून कळलेला नाही, पण ते असो. तुम्ही कुठल्या शेतावर गेलात, मुलांनी काय केलं, काय फसलं ते इथे लिहा. दर आणि फोन नंबर नकोत. पीक कुठलं आणि महिना कुठला हे मात्र आवर्जून सांगा, कारण आमची पहिली सहल तिथेच फसली.

आम्ही पुण्याहून फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. ज्वारी केव्हाच निबर झाली होती. मग त्यांनी फ्रीजरमधला हुरडा तव्यावर गरम करून वाढला. चव होती, पण असा तर घरीही मिळतो.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस गेलो, तेव्हा कळलं की हा प्रकारच वेगळा आहे. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, आरात खुपसलेली कणसं. आगटीपाशी बसलेले काका कणीस बाहेर काढायचे आणि तसंच चटका देणारं कणीस दोन्ही तळव्यांत चोळायचे. गार झालं की दाणा नीट सुटत नाही म्हणे. मग ओंजळीत फुंकर घातली की भूस उडून जायचं आणि हिरवट, धुरकट वासाचा ऊन दाणा उरायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गुळाचा खडा. लेकाने हौसेने एक कणीस चोळायला घेतलं आणि दोन सेकंदांत टाकून दिलं. काकांच्या तळव्यांकडे मात्र तो बराच वेळ बघत होता.

आगटीवाला

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे पाहुणे बोलावणारा. सोलापूर जिल्हा, घरची सात एकर. ताई म्हणतात ते बरोबर आहे. दाण्यात दूध भरून तो जरा घट्ट व्हायला लागला की हुरडा. ही अवस्था एका तुकड्यात जेमतेम आठवडाभर टिकते. म्हणून आम्ही सगळं रान एकदम पेरत नाही, आठ-आठ दिवसांच्या अंतराने पट्टे पेरतो. तरच दर रविवारी काहीतरी हाताशी राहतं. जातही वेगळी लागते. मालदांडी भाकरीला, हुरड्याला गूळभेंडी नाहीतर सुरती. दाणा कवळा झाला की तुमच्याआधी पाखरं येतात. त्यामुळे गोफण हा आमच्याकडे मुलांना दाखवायचा खेळ नाही, रोजचं काम आहे.

तक्रार एकच. हरभऱ्याच्या रानात पोरं सोडतात आणि पोरं झाडंच्या झाडं उपटतात. घाटे तोडून खा, कोण नाही म्हणतंय? एका पोरीला मात्र सकाळी आंब दाखवली. पानावरच्या दवाला बोट लावून चाटायला सांगितलं. आंबट लागल्यावर ती अख्ख्या बसला बोलवायला पळाली. नंतर पंचवीस माणसं वाकून हरभरा चाटत होती. आमच्या म्हाताऱ्याला हसू आवरेना.

वडापाव_विदाऊट_पाव

आमचा अनुभव वाईट, म्हणून थोडक्यात. जानेवारीचा रविवार, एका वेळी चारशे माणसं, डीजे, जेवणाला पाऊण तासाची रांग. शेत लांबून दिसलं.

दुपारची झोप

स्ट्रॉबेरी, भिलार, जानेवारी. हे महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं गाव, 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे माझी सोय झाली आणि मुलींना शेत मिळालं. उंच गादीवाफे, त्यावर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर, पेपरच्या भोकातून वर आलेली रोपं. शेताच्या मालकीणबाईंनी आधीच बजावलं : फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचा आणि टोक पांढरं असेल तर हात लावायचा नाही. तोडल्यावर वरून लाली चढेल, पण गोडी वाढत नाही. धाकटीने तरी तीन पांढरी तोडलीच. बाईंनी ती वजनात धरली नाहीत, पण परडीतही टाकू दिली नाहीत. "खा आता," म्हणाल्या. तिने ती तोंड वाकडं करत संपवली.

खाली रस्त्यावर स्वस्त मिळते हे खरं आहे. नवऱ्याने ते चार वेळा सांगितलं.

तरवा

जुलै, कर्जतच्या बाजूला, भात लावणी. आमच्या ऑफिसच्या ग्रुपने ठरवलं होतं. सासूबाईंना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून सोबत नेलं. वय 74. माहेर कुडाळजवळ, लग्नानंतर परळच्या चाळीत आल्या त्या मुंबईच्याच झाल्या. बांधावर खुर्ची टाकून त्यांना बसवलं, हातात छत्री दिली.

आम्ही चिखलात उतरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी एक चप्पल गेली. ती शेवटपर्यंत सापडली नाही. रोपांच्या जुड्या हातात घेऊन आम्ही आपली झाडं लावावीत तशी भोकं करून लावत होतो. थोड्या वेळाने मागे बघते तर खुर्ची रिकामी! सासूबाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून खाचरात. माझ्या हातातली जुडी काढून घेत म्हणाल्या, "अगो, तसा न्हय. दोन-तीन काड्ये घे नि आंगठ्यान दाब." आणि मागे मागे सरकत लावत सुटल्या. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने चूड सुटी करून दाबायची, एक पाऊल मागे. वर बघणं नाही, थांबणं नाही. शेताच्या मालकांनी विचारलं, "आजी कुठल्या?" त्यावर इथली भातं आणि तिथली भातं अशी दोघांची चर्चा अर्धा तास चालली. तिकडे रोपांना तरवा म्हणतात, इकडे आवण, एवढंच मला कळलं.

घरी आल्यावर दोन दिवस त्यांची कंबर धरली होती आणि मला नवऱ्याची बोलणी खावी लागली. त्यांनी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तुमची वळ वाकडी होती."

जाताना मालकांना विचारलं होतं, आमचं लावलेलं टिकेल का? ते हसले. "सारखं करून घेऊ संध्याकाळी."

माडाखालची

गोव्यात वेगळं तिकीट कशाला, कोणा ना कोणाचं कुळागर असतंच. फोंड्याजवळ मामाचं आहे. सुपारी, नारळ, त्यावर चढलेली मिरवेल, मध्ये जायफळ, केळी आणि ओहोळाचं पाणी. पाडेली एका सुपारीवर चढतो आणि खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर जातो. माझ्या मुंबईकर भाच्यांनी मोबाइल बाजूला ठेवलेला मी तेव्हाच पाहिला.

पेकभर

आम्ही मॅसॅच्युसेट्सला. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं तोडायला जायचं असतं. आधी पिशवी विकत घ्यायची, पेक किंवा अर्धा पेक, मग मावतील तेवढी तोडायची. पेक म्हणजे साधारण साडेचार-पाच किलो. आई भारतातून आली होती. तिचा प्रश्न साधा होता : "म्हणजे यांची तोडणी आपण करायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

फळ ओढायचं नाही, वर उचलून जरा पिळायचं, तयार असेल तर हातात येतं. मॅकिंटॉश आंबटसर, हनीक्रिस्प करकरीत. मुलांचं खरं लक्ष सायडर डोनटकडे. परतल्यावर गोचीड चिकटलेत का ते बघायला कान, काखा, गुडघ्यांमागे तपासणी. आणि घरी दोन पेक सफरचंदं! चार दिवस ॲपल पाय, सॅलड, शेजाऱ्यांना वाटप. शेवटी आईने उरलेल्यांचा वेलची-लवंग घालून साखरांबा केला. तो फेब्रुवारीपर्यंत पोळीशी पुरला. तोवर तीही म्हणायला लागली, पुढच्या वर्षी तीन पेक घ्या.

नवी_आई

आगटीवाले दादा, मुलगी दोन वर्षांची आहे. जानेवारीत हुरड्याला आणू का?

आगटीवाला

आणा की. आगटीच्या वाऱ्याच्या बाजूला बसू नका, धूर आणि भूस दोन्ही तिकडेच येतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मानेत कुसळ गेलं की लेकरं रात्रभर झोपत नाहीत. दाणा बोटाने चुरून दह्यात द्या. थोडाच द्या, पचायला जड असतो. मोठ्यांनीही वरून ढसाढसा पाणी पिऊ नये, ताक घ्यावं. आणि जमलं तर बुधवारी या. बुधवारी मी मोकळा असतो, गोफण शिकवतो.