प्रूफिंग प्रिंटर आता बदलायचाच, हे नेमकं कशावरून ठरवता?

मडगावचा_प्रीप्रेस:
नमस्कार मंडळी. मडगावला आमचं छोटं प्रीप्रेस आहे (छपाईआधी फाइली तयार करून नमुने काढायचं काम), हॉटेलांची ब्रोशरं, फेणीची लेबलं, काजूची पाकिटं आणि वेर्ण्याच्या एका फार्मावाल्याची कार्टनं असं मिक्स काम. प्रूफला, म्हणजे छपाईआधी रंग दाखवायच्या नमुन्याला, २४ इंची अकरा शाईंचा इंकजेट, कंपनी राहू दे, पण वय झालंय त्याचं. हिरव्या शाईचे नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सारखे जातात, क्लीनिंग मारलं की थोडे दिवस बरं मग परत तेच. त्यात आता फार्मावाल्याने प्रूफ परत पाठवलं, निळा जांभळा दिसतो म्हणून. पार्टनर म्हणतो सीझनच्या आधी नवीनच घेऊया, मला वाटतं हेड (नोझल असलेला भाग) बदलून अजून ओढता येईल. तुम्ही कसं ठरवता?

रंगारी_पणजी:
भाऊ आधी दोन तक्रारी वेगळ्या करा, तुम्ही एकत्र धरताय. निळा म्हणजे सायन आणि मॅजेंटा. सायन कमी पडला की निळा जांभळ्याकडे जातो, हिरव्या नोझलचा तिथे फारसा संबंध नाही. म्हणजे हेड बदललंत तरी फार्मावाला परत तेच म्हणू शकतो 😀
फोग्रा या जर्मन छपाई संस्थेची ७२ चौकोनांची वेज, म्हणजे रंग तपासायची पट्टी, काढा, नीट सुकू द्या आणि मग मोजा. प्रूफसाठीच्या आयएसओ १२६४७-७ प्रमाणे डेल्टा ई २००० ची (रंगातल्या फरकाच्या आकड्याची) सरासरी २.५ च्या आत आणि ९५ टक्के चौकोन ५ च्या आत पाहिजेत, कागदाचा पांढरा ३ च्या आत. पट्टी पास होत असेल तर प्रिंटर कितीही म्हातारा असो, प्रूफ बरोबर आहे. आणि स्पेक्ट्रोची (रंग मोजायच्या मीटरची) पांढरी टाइल पुसून घ्या, तिच्यावरचा नंबर तुमच्याच मीटरचा आहे ना तेही बघा, दोन मीटर असलेल्या ठिकाणी अदलाबदल होते.

ऑफसेटवाला_म्हापसा:
पट्टी बिट्टी ठीक आहे हो पण मशीनवर काय होतंय ते कोणी बघतं का? प्रूफ फोग्रा ३९ या छपाईच्या ठरलेल्या रंगमानकाचं आणि मशीनमन डोळ्याने शाई सोडणार, शाईची डेन्सिटी रोज वेगळी, डॉट गेन (छापताना ठिपका फुगणं) कधी मोजलेलाच नाही. मग दोष प्रूफला. लाखोंचा प्रिंटर आणाल आणि भांडण तिथल्या तिथेच राहील. मी तर म्हणेन आधी छपाईचा एक शीट आणि प्रूफ शेजारी ठेवून ५००० केल्विनच्या लाइटखाली बघा. फार्मावाल्यांच्या केबिनमध्ये पांढरे एलईडी असतात, शिवाय कार्टनच्या बोर्डात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन) असतो आणि प्रूफ कागदात बहुतेकदा नसतो किंवा कमी असतो, दोघांचा पांढरा जुळणार कसा? एक लाइट बूथ (ठरावीक उजेडाची पेटी) त्यांच्याकडेच बसवा, प्रिंटरपेक्षा खूप स्वस्त पडेल.

दर्या_डिजिटल:
नोझलबद्दल लिहितो. सगळे पावसाळ्याला शिव्या देतात पण हेड दमटपणाने सुकत नाही, उलट एसीच्या कोरड्या हवेने आणि बंद ठेवल्याने सुकतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काम कमी, प्रिंटर पडून राहतो, तिथे वाट लागते. रोज सकाळी एक छोटी पट्टी काढा, काम असो नसो. पावसाळ्यात बिघडतो तो कागद, ओलावा ओढतो, कडा उचलतात, शाई उशिरा सुकते. रोल पिशवीत बंद करून ठेवा. आणि क्लीनिंग सगळ्या रंगांचं मारू नका, मशीनमध्ये जोडीजोडीने करायची सोय असली तर तीच वापरा, नाहीतर चांगल्या रंगांची महाग शाई वेस्ट टँकमध्ये जाते.

मडगावचा_प्रीप्रेस:
थँक्यू सगळ्यांना. पट्टी मोजली. सायन, निळा दोन्ही आत आहेत, सरासरीही पास. हिरव्या भागातले काही चौकोन मात्र ५ च्या वर. म्हणजे फार्माचं भांडण उजेडाचं दिसतंय, बूथचं विचारतो त्यांना. पण हिरव्याचं काय करू, हेडचं कोटेशन ऐकून पार्टनर गप्पच झालाय.

रंगारी_पणजी:
तुमच्या कामात स्पॉट रंग (चार रंग न मिसळता वेगळ्या तयार शाईने छापायचे) किती त्यावर आहे. प्रिंटरमधल्या जादा नारिंगी-हिरव्या शायांचा खरा फायदा पँटोनला (नंबराने ओळखल्या जाणाऱ्या स्पॉट रंगांना), साधं चार रंगांचं ऑफसेट बऱ्यापैकी त्यांच्याशिवाय बसतं, फक्त रिपमध्ये (प्रूफ प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोफाइल, म्हणजे शाई-कागदाचं रंगांचं गणित, त्या दोन शाया सोडून नव्याने बनवावं लागेल. लेबलांमध्ये स्पॉट फार असतील तर हा मार्ग नाही.
हेड टाकायचं की नाही ते असं बघा. हेड, डॅम्पर, कॅपिंग स्टेशन हे सुटे भाग आणि क्लीनिंगमध्ये वर्षभर गेलेली शाई असा एकूण आकडा काढा. तो नवीनच्या अर्ध्याच्या जवळ गेला आणि पार्ट मिळायला वाट बघावी लागत असेल, तर सोडा जुन्याला. आणि नवीनचा हिशोब नुसत्या प्रिंटरच्या किमतीवर करू नका, रिपचं लायसन्स नवीन मॉडेलला चालतं का, प्रत्येक कागदाचं प्रोफाइल परत करायला किती वेळ, हे धरा. डीलरचा चकचकीत फोटो बघून घेऊ नका, तुमचाच कागद न्या, वेज छापून घ्या आणि स्वतःच्या मीटरने मोजा.

ऑफसेटवाला_म्हापसा:
आणि घ्यायचाच असेल तर चतुर्थीच्या आधी घ्या रे बाबा. डिसेंबरात हॉटेलवाले डोक्यावर बसलेले असताना प्रोफाइल कोण करत बसणार. जुना लगेच विकू नका, सीझनभर शेजारी चालू ठेवा, लेआउट प्रूफला, म्हणजे नुसती मांडणी बघायला, चालतो.

मडगावचा_प्रीप्रेस:
लेबलं बहुतेक सगळी स्पॉटमध्ये आहेत, त्यामुळे पार्टनर जिंकला असं दिसतंय. सोमवारी वेज फाइल आणि आमचा रोल घेऊन डीलरकडे जातो, आकडे इथे टाकतो.