मदत हवी आहे: महूत मराठी घरं किती, हे कुठे सापडेल?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. आमच्या मंडळाच्या गणपती स्मरणिकेसाठी महूवर लेख लिहायला घेतलाय आणि एकाच परिच्छेदावर गाडी अडलीय: गावात कोण कोण राहतं?

1818च्या मंदसौर तहानंतर इथे इंग्रजांची छावणी बसली आणि तिच्यामागून कुठकुठची माणसं आली. बाबासाहेबांचा जन्म 1891मध्ये इथे झाला, तोही वडील रामजी सुभेदार लष्करात होते म्हणूनच.

2011च्या जनगणनेत धर्माचे आकडे शहरवार मिळाले, अनुसूचित जाती-जमातींचेही. बाकी जातींसाठी थेट 1931पर्यंत मागे जावं लागतं, ते सोडलं. मातृभाषेचा सी-16 तक्ता मात्र मला जिल्ह्याचाच मिळाला, आणि त्यात इंदूर शहर महूला गिळून बसलंय. महूचा वेगळा तक्ता कुणी उघडलाय का? कुठून?

एका काकांनी वर्गणीचं जुनं पावतीपुस्तक दिलं, पिवळं पडलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. आडनावं मोजायला बसले तर तिसऱ्याच पावतीवर ‘पवार’. आता हे मराठे की माळव्यातले हिंदीभाषक राजपूत? पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, आणि पान संपेपर्यंत नुसती प्रश्नचिन्हंच.

तसा सरकारी आकड्यावरही माझा फार भरवसा नाही. 2011ला प्रगणक आले तेव्हा आमचे सासरेच ‘हिंदी लिख लो भिया’ म्हणून मोकळे झाले होते!

महूत जुनी घरं माहीत असलेलं कुणी असेल तर प्लीज इथेच सांगा. मजकूर रविवारी छापायला द्यायचाय.