'इरिटेट होतंय' म्हणजे नेमकं काय होतंय?

शब्दमांडणी (धागाकर्ती)

'मला खूप इरिटेट होतंय' हे वाक्य आता भाषांतरात, उपशीर्षकांत, कथेतल्या संवादांत सर्रास तसंच ठेवलं जातं. माझं म्हणणं असं, की संपादकाने या शब्दाला दर वेळी अडवावं आणि बहुतेक वेळा काढावं. यात सोवळंओवळं नाही. टेबल, पेन, स्टेशन यांच्याशी माझं भांडण नाही. 'इरिटेट' आला की वाक्यातली माहिती गळते, म्हणून बोलते आहे.

त्रास कशाचा, यावर मराठीत शब्द ठरतो. एकच गोष्ट अती झाली की वीट येतो, श्रीखंडाचाही येतो. आवाजाने डोकं उठतं. तेच ते विचारत राहणारा डोकं खातो, मागे भुणभुण लावतो. नको असताना गळ्यात पडलेलं काम म्हणजे कटकट. चारी बाजूंनी कोंडी झाली की वैताग. अन्याय दिसला की चीड. 'अन्यायाचा वैताग' कोणी म्हणत नाही. कारण बाहेर नसून आत असेल, झोप झालेली नसेल, तर चिडचिड. आणि रागाच्या भरात माणूस भरलेलं ताट सरकवून उपाशी उठला, तर तो त्रागा, कारण शिक्षा स्वतःलाच.

शब्द निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: कशाने झालं, किती वेळ चाललंय, राग कोणावर निघतोय. 'शेजारच्या ड्रिलमुळे इरिटेट झालोय' याचं 'शेजारच्या ड्रिलने डोकं उठलंय' केलं की आवाज ऐकू येतो.

कर्मणी

वर्गवारी सुरेख आहे, निष्कर्ष पटला नाही. आधी एक दुरुस्ती: 'त्या आवाजाने माझी चिडचिड होते' हे रोजचं मराठी आहे, म्हणजे चिडचिडीचं कारण बाहेरही असतं.

आता मुख्य मुद्दा. हा शब्द उपरा राहिलेला नाही, त्याने मराठीचं व्याकरण उचललंय. इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक: एक वस्तू दुसऱ्याला चिडवते. मराठीत त्याच्या दोन रचना झाल्या. 'मी इरिटेट झाले' ही 'मी वैतागले'च्या वळणावर. 'मला इरिटेट होतं' ही 'मला कसंतरी होतं', 'मला मळमळतं' यांच्या रांगेत. अनुभव घेणारा चतुर्थीत, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. म्हणजे बोलणाऱ्याने ही भावना शरीरात नेऊन ठेवली. इंग्रजीला असं करता येत नाही. म्हणूनच उलट प्रवासात घोटाळा होतो: 'मी आज फार इरिटेटिंग आहे' असं इंग्रजीत म्हटलं, की 'आज मी लोकांच्या डोक्यात जातोय' असा अर्थ निघतो. '-इंग' त्रास देणाऱ्याला, '-एड' त्रास होणाऱ्याला, एवढं शिकवलं की पुरे.

शिवाय तीव्रतेचं काय? चीड नैतिक, वैताग थकवणारा, संताप तर फारच पुढचा. लिफ्टमध्ये कोणी च्युइंगम चघळतंय, त्यासाठी यातला एकही शब्द बसत नाही.

शब्दमांडणी

बसतो. 'ते चघळणं डोक्यात जातं.' माणूस, सवय, आवाज, जाहिरात, सगळं डोक्यात जातं आणि राग मात्र आतच राहतो. तरुण मुलांनीच हा प्रयोग रुळवलाय. चिडचिडीबद्दलची दुरुस्ती मान्य.

खलबत्ता

दवाखान्यात हा वाद सोपा होतो, कारण तिथे 'इरिटेशन'ने खरंच नुकसान होतं. 'डोळ्यांत इरिटेशन आहे' यावरून काही कळत नाही. डोळे खाजतात की चुरचुरतात, की आत काही खुपतंय? मुख्यतः खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय आधी. वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर कोरडेपणा किंवा खरोखरचा कण. त्वचेचंही तसंच. फिनेल, ब्लीच, कपड्यांचा सोडा यांनी होणारा दाह पुरेशा मात्रेत कोणालाही होतो, लागलं तेवढ्याच जागी होतो, आणि त्यात आग-जळजळ जास्त. अ‍ॅलर्जी ठरावीक लोकांनाच, त्या पदार्थाशी आधी संबंध आल्यावर. तिच्यात खाज पुढे असते आणि ती लागलेल्या जागेबाहेरही पसरू शकते. पहिल्याला भरपूर पाण्याने धुणं आणि हातमोजे कामी येतात, दुसऱ्याला तो पदार्थच कायमचा सोडावा लागतो.

घसा खवखवतो, छातीत जळजळतं, मिरची चिरल्यावर हातांची आग होते, लोकरीचा स्वेटर टोचतो. रुग्णाकडे हे शब्द असतात. फॉर्मवर 'इरिटेशन: आहे / नाही' छापून आपणच ते काढून घेतो.

कर्मणी

फॉर्मबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते त्या रकान्याचं अपयश आहे. तिथे 'त्रास: आहे / नाही' छापलं असतं तर काय वेगळं झालं असतं? 'तुम्हाला जरा त्रास देते' ही विनंती, 'सासरी त्रास आहे' ही तक्रार, 'दम्याचा त्रास' हे निदान. आपला अस्सल मराठी शब्द 'इरिटेट'पेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. त्याला कोणी अडवत नाही.

वादी-प्रतिवादी

ऐसपैस शब्द कायद्यात शिरला की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये 'अ‍ॅनॉयन्स' (म्हणजे चीड आणणारा त्रास) हा शब्द होता. इतरांना तशी 'अ‍ॅनॉयन्स' किंवा गैरसोय व्हावी म्हणून ईमेल किंवा संदेश पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. व्याख्या कुठेच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीला आणि ते 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली, त्यात हे कलमही लावलं होतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. एक मोठं कारण हेच, की एकाला जे खुपतं ते दुसऱ्याला खुपेलच असं नाही, मग गुन्हा कुठे सुरू होतो ते नागरिकाला कळणार कसं?

तरी हा शब्द कायद्यातून गेलेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये, दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत त्याला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा 'अ‍ॅनॉय' करण्याच्या हेतूने शिरणं हे गुन्हेगारी अतिक्रमण आहे. इथे शिरण्याचं कृत्य आधी लागतं, शब्द त्याला टेकून उभा राहतो. भाषांतर करणाऱ्याने हेतू असेल तर डिवचणं, खिजवणं, सतावणं यांतून निवडावं. हेतू नसेल तर नुसता त्रास. इंग्रजी शब्द दोन्ही गिळतो. 'नुइसन्स' मात्र वेगळा ठेवा, तो उपद्रव. नागपूर महापालिकेचं 'उपद्रव शोध पथक' या शब्दाचा चांगला उपयोग करतं.

जुनी पोथी

इंग्रजांनीही यावर शतकभर डोकेफोड केली आहे. 'अ‍ॅग्रव्हेट' म्हणजे मुळात जड करणं, आहे ते वाढवणं. 'दुखणं चिघळलं' मधलं चिघळणं. 'चिडवणं' हा अर्थ सतराव्या शतकापासून चालू आहे, तरी इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्ये तो अशिक्षितांसाठी सोडून द्या म्हणून बजावलं. कोणी ऐकलं नाही. उलट 'अ‍ॅनॉय'चं बळ ओसरलं: त्याच्या मुळाशी लॅटिनमधला तिरस्कार आहे, जुन्या इंग्रजी लिखाणात तो इजा करण्यापर्यंत जायचा, आज जेमतेम कुरकुर उरली आहे. तेव्हा बोलण्यातून शब्द काढायचा आदेश चालणार नाही.

शब्दमांडणी

बोलण्यात कोणी अडवत नाही. कॉलेजातली मुलगी संवादात 'इरिटेट' म्हणत असेल तर ते तिचंच मराठी आहे, तिथे मीही ठेवीन. पण निवेदक म्हणाला 'तो इरिटेट झाला', तर मी समासात लिहीन: 'कशाने?'