डेटाबेसचा पत्ता नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या फाइलीत असावा का?

पऱ्हाटी (हिंगणघाटजवळून)
मागच्या हंगामात एका जिनिंगमध्ये विजेच्या झटक्यानं राऊटर जळाला. नवा लावला, तर सर्व्हरचा, म्हणजे डेटाबेस असलेल्या कॉम्प्युटरचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलला. वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर डेटाबेस (वजनाच्या नोंदींचा साठा) शोधत राहिलं अन् फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. मी चाळीस किलोमीटरवर. फोनवर म्हटलं, एक्सईच्या (प्रोग्रामच्या फाइलीच्या) शेजारची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल उघडा. तर फाइलच नाही! कोणीतरी पेनड्राइव्हवर नुसती एक्सई आणून टाकली होती.

मग इतके दिवस चाललं कसं? व्हिज्युअल स्टुडिओत (प्रोग्राम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) विझार्डनं डेटासेट बनवला की कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता अन् लॉगिन असलेली ओळ, दोन ठिकाणी जाते. एक ॲप.कॉन्फिगमध्ये, बिल्डनंतर तीच फाइल एक्सईच्या नावानं शेजारी येते. दुसरी सेटिंग्जच्या डिझायनर कोडात, डिफॉल्ट म्हणून, आणि ती कंपाइल होऊन एक्सईतच बसते. फाइल सापडली नाही तर प्रोग्राम काही न बोलता आतली वापरतो.

शेवटी फाइल फोनवर सांगून लिहून घेतली. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नोटपॅडनं नावापुढे जोडलेलं 'टीएक्सटी' कोणाला दिसेना. त्यात अर्धा तास गेला.

माझं मत पक्कं आहे. पत्ता साध्या फाइलीतच हवा, आणि ती फाइल नसेल तर प्रोग्रामनं सुरूच होऊ नये.

संत्राबाग
भाऊ, पटलं नाही. त्या स्ट्रिंगमध्ये पत्त्याशेजारी 'एसए'चा, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड असतो. काट्यावर बसलेला कोणीही तो वाचेल, डेटाबेसमध्ये शिरेल आणि वजन बदलेल. एका गाडीमागे पन्नास किलो कमी दाखवले तर शेतकऱ्याला कळणारही नाही. कनेक्शनचा भाग एन्क्रिप्ट करा, म्हणजे कोणाला वाचता येणार नाही. डॉटनेटमध्ये डीपीएपीआय (विंडोजची स्वतःची एन्क्रिप्शन सोय) वापरून चार ओळींत होतं.

पऱ्हाटी
शेतकऱ्याचं नुकसान मलाही नको आहे. पण डीपीएपीआयची किल्ली त्या मशीनला बांधलेली असते. कॉम्प्युटर बदलला की तीच फाइल दुसरीकडे उघडत नाही, म्हणजे पुन्हा मोटारसायकल काढा. शिवाय मशीनच्या पातळीवर एन्क्रिप्ट केलं, तर त्या मशीनवर चालणारा दुसरा प्रोग्रामही ते उलगडू शकतो. पासवर्ड एक्सईत लपवणं तर त्याहून वाईट, डीकंपायलरला (एक्सईतून कोड परत काढणाऱ्या साधनाला) दोन मिनिटं लागतात. फाइलीत पासवर्ड ठेवूच नका ना. एसक्यूएल सर्व्हरला विंडोजच्या लॉगिननं जोडा.

वणीवाला
डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणारा सर्व्हर, आहे कुठं आपल्याकडं? तीन कॉम्प्युटर अन् एक स्विच. वर्कग्रुपमध्ये (डोमेनशिवायच्या साध्या नेटवर्कमध्ये) विंडोज लॉगिन चालवायचं तर दोन्ही मशीनवर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं लागतं. जमतं, पण एकीकडचा पासवर्ड बदलला की काटा बंद.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची पद्धत मला आवडते. पत्ता एका जागी, पासवर्ड वेगळ्या पीजीपास फाइलीत. लिनक्सवर त्या फाइलीची परवानगी ०६०० (फक्त मालकानं वाचायची-लिहायची) पेक्षा सैल असली तर ती वाचलीच जात नाही. विंडोजवर मात्र ही तपासणी होत नाही, तिथं फोल्डरच्या परवानग्या स्वतः बघा.

धामणगाव_लाइन
मले एक सांगा, कोड गिटवर (कोडचे जुने-नवे बदल जपणाऱ्या साठ्यात) टाकता तेव्हा थे फाइल कुठं असते? आमच्या इथं एका पोरानं पासवर्ड असलेली ईएनव्ही (सेटिंग्जची) फाइल तिथं पुश केली. मंग गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत) नाव टाकलं अन् झालं म्हणे. जुन्या कमिटमध्ये (आधी जपलेल्या नोंदीत) पासवर्ड तसाच हाये ना! पहिले तो बदला, मंग बाकीचं.

संत्राबाग
हे अगदी बरोबर. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. पासवर्ड कुठंही ठेवा, काट्याचा प्रोग्राम 'एसए' म्हणून जोडला जात असेल तर सगळं व्यर्थ. काट्यासाठी वेगळा युजर करा. त्याला नोंद घालता यावी आणि वाचता यावी, बदलता किंवा पुसता येऊ नये.

पऱ्हाटी
हे मान्य, मनापासून. माझ्या चार जिनिंगपैकी तीन अजून 'एसए'वरच आहेत. दसऱ्याआधी बदलतो. पण दुरुस्तीची पावती? ओलावा जास्त निघाला की वजनात कपात होते, तेव्हा जुनी नोंद बदलावीच लागते.

संत्राबाग
जुनी नोंद कशाला बदलता? कपातीची नवी नोंद घाला, पावती क्रमांक तोच ठेवून. दोन्ही ओळी दिसल्या पाहिजेत, शेतकऱ्यालाही.